दोनशे सहा अजून शाबूत

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
२ मार्च २०१४

प्रिय ऑरिनकाका,

मी तामार. वार्तान मार्दिकियनची धाकटी. तुम्ही मला शर्यतींच्या त्या मिठाच्या मैदानावर शेवटचं पाहिलंत तेव्हा मी लहान होते आणि तुमच्या ट्रकच्या बॉनेटवर अंडं तळता येतं का ते बघत होते. तळता येत नाही. बॉनेट मात्र तुम्हाला दोन दिवस खरवडावं लागलं होतं, असं बाबा सांगायचे.

जानेवारीत बाबा गेले. झोपेत गेले. आयुष्यात त्यांनी केलेली ही एकच गोष्ट आवाज न करता झाली. तुमचं नव्या वर्षाचं कार्ड दफनाच्या दुसऱ्या दिवशी येऊन पोचलं. ‘दोनशे सहा अजून शाबूत. तुझे दात?’ आईने ते वाचलं, रडली, मग इतकी हसली की शेजारीण धावत आली. तुमचा मजकूर दर वर्षी तोच, म्हणून बाबांनी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त तिकीट लावायचं राहिलं होतं. सोबत पाठवतेय. ‘दात पडले. आता तुझा विक्रम पाडतो.’

पाडायचा राहिला. चौऱ्याहत्तर साली तुम्ही ताशी दोनशे सहा मैल काढलेत, तेव्हापासून दर ऑगस्टला बाबा आमच्या सुट्ट्या, आईची भिशी आणि स्वतःची झोप घेऊन तिकडे यायचे आणि दोनशे एक, दोनशे दोन करून परत जायचे. गाडी अजून शेडमध्ये आहे. पोटात तेच फोर्डचं चार सिलिंडरचं इंजिन, वर कवच म्हणून तीच लढाऊ विमानाच्या पेट्रोलची लांबोडकी टाकी. मी शाळेच्या बसची इंजिनं दुरुस्त करते, काका. माझ्या हातातून गेलेली एकही गाडी पंचावन्नच्या वर पळत नाही. पण या ऑगस्टला मी बाबांची गाडी घेऊन येणार आहे, आणि स्वतः चालवणार आहे.

तुमचा विक्रम मोडायला येतेय, म्हणून आधी तुम्हालाच विचारते. एकशे नव्वदच्या पुढे गाडी डावीकडे ओढते. बाबांना त्याचा इलाज सापडला नाही. तुमची गाडी सरळ जायची. का?

जर्दाळू आमच्या मागच्या झाडाचे आहेत. लारूकाकूंना नमस्कार.

तुमची,
तामार


वेल्स, नेवाडा
२० मार्च २०१४

तामार पोरी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसलो.

वार्तान माझा सगळ्यात चांगला शत्रू होता. असा शत्रू नशिबानेच मिळतो. दर वर्षी यायचा, हरायचा, संध्याकाळी आमच्या तंबूत येऊन आमचंच मटण खायचा आणि माझ्या गाडीला नावं ठेवायचा. आता नव्या वर्षाचं कार्ड कुणाला लिहू?

फोन करू नकोस. इंजिनांनी माझे कान खाल्लेत. लिहीत जा.

मोडायला येतेस तर ये. विक्रम त्यासाठीच असतात. १८९९ साली पॅरिसजवळ दोघेजण विजेच्या गाड्या घेऊन एकमेकांशी झुंजत होते. एकाचा विक्रम दुसऱ्याने त्याच दिवशी मोडला, रात्रीची झोपसुद्धा मिळाली नाही बिचाऱ्याला. पासष्टच्या नोव्हेंबरात आमच्या डोळ्यांदेखत याच मिठावर जगातले मोठमोठे विक्रम आठवडाभर जेमतेम टिकले. आणि त्यातलाच शेवटचा मग पाच वर्षं कुणाला हलला नाही. त्याच्या पुढचा तेरा वर्षं. सत्त्याण्णव साली आमच्याच राज्यात पलीकडच्या वाळवंटात एक गाडी आवाजाच्याही पुढे गेली, तो विक्रम अजून टिकून आहे. वेग पैशाने आणता येतो गं. टिकणं कशाने येतं ते कुणालाच ठाऊक नाही. माझा टिकला, कारण आमच्या वर्गात, म्हणजे तेवढ्याच इंजिनाच्या गाड्यांत, एकूण वेडे पाच, आणि त्यांतले आता चार गेले.

डावीकडे ओढण्याचं म्हणशील तर आता नीट आठवत नाही. वय झालं. बघू.

जर्दाळू लारूने एका बैठकीत संपवले.

ऑरिन टटल


फ्रेस्नो
२४ ऑगस्ट २०१४

प्रिय ऑरिनकाका,

घरी पोचले. ट्रेलरचं एक चाक वाटेत फुटलं, बाकी ठीक.

मिठावर पाणी बघून मला रडूच आलं होतं. बाबांनी इतक्या वर्षांत पांढरं मैदान दाखवलं होतं, तळं कधीच नाही. रस्ता संपतो तिथे लोक गाड्या थांबवून नुसते उभे होते. एक म्हातारा बूट काढून घोटाभर पाण्यात गेला आणि हाताने तळ चाचपून म्हणाला, “खाली चिखल लागतोय.” मग एकेकाने गाडी वळवायला सुरुवात केली. शर्यतींचा आठवडा रद्द झाल्याचं सांगायला कोणी आलंच नाही, सगळ्यांना कळलं होतं.

पण मी लिहायला बसले ते पाण्यासाठी नाही. तुम्ही ‘ये’ म्हणालात म्हणून वेल्सला वाट वाकडी करून आले. तुम्ही मला फाटकातच गाठलंत, आत ये म्हणाला नाहीत, सरळ हमरस्त्यावरच्या हॉटेलात घेऊन गेलात. तिथला चेरीचा केक चांगला होता. तुम्ही बाबांच्या गोष्टी सांगितल्यात, त्याही चांगल्या होत्या. गाडी दाखवा म्हटलं तर “गॅरेजची किल्ली सापडत नाही.” काकूंना भेटू द्या म्हटलं तर “झोपलीय.” काका, सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडकीचा पडदा हलत होता.

मी शत्रूची मुलगी आहे हे मला कळतं. तुमचा विक्रम तुम्हाला प्यारा आहे, हेही. पण मग तोंडावर सांगा ना, “नाही सांगत जा.” बाबांना तुम्ही तसंच सांगितलं असतंत.

राग नाही. थोडा आहे.

तामार


वेल्स
९ सप्टेंबर २०१४

तामार,

राग धर. हक्क आहे तुझा.

पडदा लारूने हलवला. झोपली नव्हती.

ती विसरायला लागलीय. आधी चष्मा, मग गॅस, मग आमच्या नातवाचं नाव. माझं नावसुद्धा अधूनमधून सटकतं, मग ती मला ‘अहो, साहेब’ म्हणते आणि लाजते. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असते. अनोळखी माणूस घरात आलं की घाबरते, म्हणून तुला फाटकात अडवलं. हॉटेलात सांगता आलं असतं. वार्तानच्या गोष्टी सांगत बसलो.

पण एक गोष्ट ती विसरलेली नाही. चौऱ्याहत्तरच्या त्या सकाळी मागून ढकलायचा ट्रक तिने चालवला होता. साठच्या वेगापर्यंत मला ढकललं आणि मग बाजूच्या रस्त्याने मैलोन्‌मैल माझ्यामागे आली, मी जिवंत आहे का ते बघायला. मी बाहेर पडलो तोवर ती येऊन पोचली होती, नाकाच्या शेंड्यावर मीठ. आता रोज सकाळी ओट्सची वाटी पुढे ठेवली की ती विचारते, “आपला आहे ना अजून?” मी म्हणतो, “दोनशे सहा. अजून शाबूत.” मग ती हसते आणि खाते. पोस्टमनला सांगते, रक्त तपासायला येणाऱ्या नर्सला सांगते. त्या एका वाक्यावर आमची सकाळ चालते.

आता सांग, तुझ्या गाडीचा इलाज मी कोणत्या तोंडाने लिहू?

ऑरिन


फ्रेस्नो
२१ सप्टेंबर २०१४

प्रिय काका,

मला माफ करा. पत्र मिळाल्यापासून मी शेडमध्ये गेलेली नाही.

ठरवलंय. बाबांचं इंजिन काढते. कोपऱ्यात मोटरसायकलचं एक लहान इंजिन पडलंय, ते बसवते. मग माझा वर्ग वेगळा, विक्रम वेगळा, तुमच्याशी संबंधच नाही. तोही बराच जुना आहे, मोडला तर कुणाची सकाळ मोडणार नाही. बाबांना मी समजावेन. आता तरी ते मध्येच बोलत नाहीत.

काकूंना सांगा, अजून शाबूत. माझ्याकडून तसंच राहील.

तुमची,
तामार


वेल्स
२९ सप्टेंबर २०१४

तामार मार्दिकियन,

तुझ्या पत्राने मला इतका संताप आला की पहिलं उत्तर फाडून टाकावं लागलं. हे दुसरं आहे, म्हणजे सौम्य आहे असं समज.

तुझा बाप माझ्या मागे आयुष्यभर धावला. एकदाही मी त्याच्यासाठी पॅडलवरचा पाय उचलला नाही, आणि त्याने कधी मागितलंही नाही. ब्याऐंशी साली माझं इंजिन फुटलं तर स्वतःचा जादा पिस्टन आणून दिला आणि म्हणाला, “घे, तू धावला नाहीस तर मी कोणाला हरवू?” तो माणूस, आणि तू त्याची पोर मला भीक घालतेस! लारू शुद्धीत असती तर डाव घेऊन तुझ्या मागे लागली असती. तिने ट्रक चालवला होता तो कुणाच्या मेहेरबानीवर मिळवलेल्या विक्रमासाठी नव्हे.

इंजिन जागच्या जागी ठेव.

आता ऐक. गाडी डावीकडे ओढते, कारण तुझ्या बापाची टाकी वाकडी आहे. आम्ही दोघांनी भंगारवाल्याकडून दोन टाक्या एकदम घेतल्या. वार्तान म्हणाला, आधी मी निवडणार. निवडली ती नाकाशी बोटभर पिळलेली. मी त्याच दिवशी सांगितलं. पुढे दर वर्षी सांगितलं. पण टाकी त्याने स्वतः निवडलेली, मग ती वाकडी कशी असेल? चाकं बदलली, वजनं हलवली, एकदा तर पाद्र्याकडून पाणी शिंपडून घेतलं, पण टाकी सरळच! ‘इलाज सापडला नाही’ म्हणे. सापडला होता गं, ऐकला नाही.

टाकीचं नाक बघू नकोस. शेपटापासून दोरी ताण आणि पुढच्या चाकांचा आस त्या दोरीला काटकोनात बसव. टाकीला वाकडं दिसेल, दिसू दे. चित्र काढून ठेवतो, पुढच्या ऑगस्टला येऊन घेऊन जा. या खेपेला घरात ये.

लारूचं मी बघेन. ते माझं काम आहे, तुझं नाही.

ऑरिन


फ्रेस्नो
१९ ऑगस्ट २०१५

प्रिय ऑरिनकाका,

यंदाही नाही. आता पाणी नव्हतं तर मीठच पातळ. कोणी म्हणतं खाणीवाले नेतात, कोणी म्हणतं पाऊस नेतो. बाबा म्हणायचे, मिठाचा थर पहारीने फुटत नसे. परवा मी बुटाच्या टाचेने फोडला. गाडी दोन वर्षांत फक्त ट्रेलरवर धावलीय.

पण तुमच्या घरी आले. काकूंनी मला दारातच विचारलं, “तू कुणाची गं?” मी म्हटलं, वार्तानची. “त्याने मोडला का आपला?” नाही, म्हटलं. “गुणी मुलगा,” म्हणाल्या आणि माझ्या हातात पीचची बरणी दिली. तुम्ही चित्र आणायला गॅरेजात गेलात तेव्हा आम्ही दोघी बोलत होतो. काय ते विचारू नका. तुम्ही येताच त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

दोरी ताणली. टाकी वाकडी आहे. बाबांच्या फोटोसमोर मोठ्याने सांगितलं. फोटोचा चेहरा बदलला नाही; म्हणजे अजूनही मान्य नाही.

तुमची,
तामार


वेन्डोवर
१८ ऑगस्ट २०१६

प्रिय ऑरिनकाका,

मिठाजवळच्या मोटेलच्या टेबलावर लिहितेय. हाताला अजून मिठाची खाज आहे आणि नाकपुड्या आतून भाजल्यात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, की ऊन खालून वर येतं.

तुम्ही येऊ शकणार नाही हे कळवलंत ते बरं झालं. तुम्ही असतात तर मला पाय दाबता आला नसता.

काल पहिली धाव. भाऊ ढकलायला होता. दीडशेपर्यंत मला फक्त भीती आठवतेय. मग भीती मागे कुठेतरी पडली. एकशे नव्वदला मी दात आवळून डावीकडच्या ओढीची वाट बघत होते. आली नाही. गाडी दोरीत ओवल्यासारखी सरळ. मी शिरस्त्राणाच्या आत ओरडले, “बाबा, वाकडीच होती!” दोनशे आठ निघाले. नियमाप्रमाणे गाडी रात्रभर पहाऱ्यात ठेवली आणि आज सकाळी दुसरी धाव. दोन्हींची सरासरी तुमच्या वर गेली तरच विक्रम.

आज वारा समोरून होता. चौथ्या मैलाला इंजिनाचा सूर जरासा बसला आणि मला वाटलं, आता पाय थोडा सैल सोडला तर कुणालाही कळणार नाही. दोष वाऱ्यावर ढकलता येईल. मला काकूंची ओट्सची वाटी दिसली, खरंच दिसली. आणि मग तुमचं ते सौम्य पत्र आठवलं. नाही उचलला पाय, काका. तुमच्या भीतीने नाही उचलला.

सरासरी दोनशे सातच्या किंचित खाली. तुमच्यापेक्षा एक मैल जास्त, तोही पुरता नाही.

सगळे येऊन मिठ्या मारत होते आणि मी रडत होते. लोकांना वाटलं आनंदाने. आनंदानेही होतं.

आता ते सांगते जे गेल्या वर्षी लपवलं. तुम्ही गॅरेजात होतात तेव्हा काकू मला हळूच म्हणाल्या, “त्याला वाटतं मी विसरते म्हणून रोज विचारते. विसरते मी, खूप विसरते. पण हे नाही विसरत.” मी म्हटलं, मग विचारता कशाला? “सांगताना त्याचं तोंड बघ एकदा. तेवढ्यापुरता उजळतो गं. नाहीतर माझ्याकडे बघत दिवसभर तोंड पाडून बसलेला असतो. म्हणून विचारते. सांगू नकोस हं त्याला.”

त्यांना हे आज आठवत असेल की नाही, देव जाणे. मी वचन मोडलं. आज दुसरंही काही मोडलंय, तेव्हा एकात एक.

उद्या सकाळी त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. शाबूत आहे म्हणालात तर मी जन्मात कुणापाशी बोलणार नाही. वेल्सपर्यंत ही बातमी कोण नेतंय!

तुमची,
तामार


वेल्स
३० ऑगस्ट २०१६

तामार पोरी,

शाब्बास.

हा एक शब्द लिहायला मला दहा दिवस लागले. थोडा मत्सरही होता, खोटं का बोलू. बेचाळीस वर्षं टिकला. माझ्या ट्रकपेक्षा, कानांपेक्षा, गुडघ्यांपेक्षा जास्त. तक्रार करायला जागा नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ओट्सची वाटी ठेवली. मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. लारूने विचारलं, “आपला आहे ना अजून?” मी तोंड उघडलं, “दोनशे सहा,” आणि पुढचं येईचना. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव ती विसरते, पण माझा खोटं बोलण्याचा चेहरा विसरलेली नाही.

“कोणी?” म्हणाली.

“वार्तानच्या पोरीने.”

“कितीने?”

“एकाने. तेवढाही नाही.”

तिने वाटी बाजूला सारली. मला वाटलं, संपलं, आता ती खाणार नाही. माझं तोंड पडलेलं असणार, कारण तिने हात पुढे करून माझा गाल थोपटला, दोनदा, कुत्र्याच्या पिल्लाला थोपटतात तसा. मग खुर्चीतून उठली. तामार, ती वर्षभरात आपणहून उठली नव्हती. म्हणाली, “एकच मैल? मग बसलात काय? उठा.”

तशीच अनवाणी गॅरेजात. गाडीवरची चादर स्वतः ओढली, धुळीने दोघेही खोकलो. “ट्रकची किल्ली कुठाय?” ट्रक विकून वीस वर्षं झाली, पण सांगणार कोण?

रोज सकाळी मी तिला नव्याने सांगतो की मोडला. रोज तिला नव्याने राग येतो, आणि रोज ती उठते. मी गाडीखाली पडतो, ती स्टुलावर बसून पाने देते. मी हात बाहेर काढायच्या आत पाना हातात, आणि बरोबर तोच. दुपारी मात्र कधी कधी तीच मला विचारते, हे सगळं कुणाचं घर. मग आम्ही आत जाऊन झोपतो.

तू जे लपवलंस आणि सांगितलंस, ते मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही. पण आता ती माझ्या तोंडाकडे बघते तेव्हा मी ते पाडून ठेवत नाही.

आता कामाचं. इंजिन फिरतंय. टाकी सरळ आहे, ती तर पहिल्यापासूनच सरळ होती. पण डॉक्टर मला चालवू देणार नाही. बायपास झालेल्या माणसाला पट्ट्यांनी आवळून दोनशेने सोडायला तो तयार नाही, भेकड आहे. लारूला सांगितलं, चालवायला कोणी नाही. ती क्षणभरही थांबली नाही. “वार्तानची पोरगी आहे ना.”

मी म्हटलं, “अगं, विक्रम तिचाच आहे. आपण तिचाच मोडणार, आणि तिलाच बोलवायचं?”

“मग काय झालं?” म्हणाली. “दुसऱ्या कुणी मोडण्यापेक्षा बरं नाही का?”

मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

तुझा,
ऑरिनकाका


फ्रेस्नो
६ सप्टेंबर २०१६

प्रिय काका आणि काकू,

मलाही सुचलं नाही. सीटची रुंदी मोजून कळवा. माझं बूड बाबांवर गेलंय.

तामार